तक्रार करायची तरी कुठे?

संपादक महोदय,

देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री आदिवासी मुलीवर अत्याचार केल्याचा आरोप दोन पोलिसांवर होता. उच्च न्यायालयाने दिलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केली. अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती, हा तर्क आजही मनाला डाचतो. जनक्षोभानंतर १९८३ मध्ये कायदा बदलला. पण दुर्गम पाड्यावरच्या बाईने पोलिसाविरुद्ध तक्रार कुठे करायची? त्याच ठाण्यात? जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच बजावले आहे. भामरागड, एटापल्लीत हे किती जणांना ठाऊक आहे? तक्रारीची पद्धत गोंडी-माडियातून ग्रामसभांत वाचून दाखवा.

– एक वाचक, गडचिरोली