इंजिन बसलं, पण गाडी बोलेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा, फक्त अर्थच्या वायरचा (इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी ती) भाग ठेवा, कारण खरं तर तेवढ्याचसाठी लिहायला बसलोय.

आमच्याकडे 1997 ची मारुती 800 आहे, कार्बोरेटरवाली, 796 सीसी, तीन सिलिंडर. नातेवाईक म्हणतात भंगारात दे आता, पण कागद रिन्यू केलेत, बॉडीला गंज नाही, आणि इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत ती जिथे घुसते तिथे पुतण्याची मोठी गाडी नुसती हॉर्न वाजवत उभी असते. तर हिचं इंजिन ऑइल प्यायला लागलं, मागून निळा धूर, म्हणून यंदा काम काढलं. इंजिन उतरवलं, लेथवर बोअर झाला, पिस्टन-रिंगा नवीन, व्हॉल्व्ह घासले, टायमिंग बेल्ट बदलला, आणि एवढं उघडलंच आहे तर क्लच प्लेटही टाकून घेतली. सामान मी स्वतः सियागंजात दोन चकरा मारून आणलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, माणूस वाईट नाही, मशीनचं काम त्याने चांगलंच केलंय, ते पुढे कळेलच.

बाराव्या दिवशी फोन आला की इंजिन बसलं, या. सौ.ला अन्नपूर्णा मंदिरात जायचं होतं म्हणून ती पण बरोबर, म्हटलं तिथूनच परस्पर जाऊ. किल्ली फिरवली तर टक. परत फिरवली, परत टक, आणि डॅशबोर्डचे दिवे असे मंद झाले की जसे घरातले लाइट व्होल्टेज गेल्यावर होतात. मेकॅनिक म्हणाला बॅटरी बसलीये, बारा दिवस उभी होती ना. पटलं. नवीन बॅटरी आणली, 3,600 रुपये. टक. मग म्हणे "भैया, इसका तो सेल्फ गया." सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर, काढून दुरुस्तीला पाठवला, 1,400 आणखी, दोन दिवस आणखी. तोपर्यंत अनंत चतुर्दशी आली, गिरण्यांच्या झाक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला पायीच गेलो (गिरण्या बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी झाक्या निघतातच आपल्याकडे, तो वेगळा विषय). सेल्फ परत बसला. परत टक!

मग चार पोरं बोलावून धक्का. सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला तर इंजिन फिरलं, खोकल्यासारखं करून कार्बोरेटरमधून फाट् असा आवाज काढला आणि गप्प. दोनदा, तीनदा तेच. यावर मेकॅनिकचा निकाल असा की बेल्टचं टायमिंग चुकलंय, इंजिन परत खाली घ्यावं लागेल, मजुरी अर्धीच घेईन. त्याच्या पोराने तर बाटलीतून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतून वरून वाकून बघायला सुरुवात केली, त्याला मी हाताला धरून बाजूला ओढलं. इंजिन उलटी फाट् मारतंय अशा वेळी तिथे तोंड घालणं म्हणजे भुवया जाळून घेण्याची सोय आहे.

मी इंजिन उतरवू दिलं नाही. गाडी दोरी बांधून घरी राजेंद्र नगरला आणली आणि शेजारच्या काकांना दाखवली. काका गिरणीत इलेक्ट्रिशियन होते, गाड्यांचं काम त्यांनी कधी केलेलं नाही आणि माझ्या मते तेच उपयोगी पडलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला की इंजिन काढायच्या आधी सेल्फ चालत होता का? होता, उत्तम. मग काढताना जे जे सोडलं तेवढंच बघायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही. दुसरा प्रश्न, काही वास-बिस आला का? मी नाही म्हणालो. सौ. ओट्यावरून ओरडली, पहिल्या दिवसापासून सांगतेय, वायर जळल्यासारखा वास येतो म्हणून, कोणी ऐकतंय का!

काकांनी मला किल्ली फिरवायला लावली आणि स्वतः बॉनेटपाशी उभे राहिले. चार-पाच वेळा टक झाल्यावर म्हणाले, क्लचच्या केबलला हात लाव. लावला आणि लगेच काढला, चटका बसला हो. अ‍ॅक्सिलरेटरची केबल पण कोमट. आता क्लचच्या केबलचा आणि करंटचा काय संबंध, तर संबंध असा की इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. सेल्फ फिरवायला शंभर-सव्वाशे अँपियर लागतात, ते प्लसच्या जाड केबलने सेल्फपर्यंत जातात, पण परत बॅटरीच्या मायनसला यायला इंजिन किंवा गिअरबॉक्सला अर्थची वायर लागते. ती नसली तर करंट दुसरा रस्ता शोधतो, आणि इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं लोखंड म्हणजे या बिचाऱ्या केबल्स. पतली तार, तिच्यातून एवढा करंट, मग ती तापणारच आणि सेल्फला उरणार काय, टक!

खात्री करायला मीटर लावला. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडावर, आणि किल्ली. तिथे अर्धा व्होल्ट पण दिसायला नको, आमच्याकडे सातच्या आसपास. म्हणजे बॅटरीच्या बारापैकी सात व्होल्ट वाटेतच खलास. मीटर नसेल तरी चालतं, जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं थेट इंजिनच्या जाड भागाला पकडायचं. आम्ही पकडलं आणि सेल्फ असा फिरला की काका दचकले. नंतर वायर सापडली, बॅटरीच्या ट्रेखाली दुमडून पडलेली, गिअरबॉक्सला लावायची राहून गेलेली. बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून कसली. खर्च शून्य.

पण गाडी सुरू झाली नाही! सेल्फ जोरात, आणि तेच खोकणं, तेच फाट्. इथे माझाही धीर सुटला, म्हटलं बेल्टचंच खरं असणार. काका म्हणाले, थांब, एक नंबरचा प्लग काढ, भोकावर बोट ठेव. पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवला. बोटाला हवेचा दाब लागला की समजायचं पिस्टन कंप्रेशनवर वर येतोय. बोट ठेवणं यासाठी की क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा) एक होतो, म्हणून टॉपची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असल्याची, खूण दोनदा येते आणि नुसती खूण बघून माणूस फसतो. तर दाब आला, खूण जुळली, कॅमची पण जुळली, डेल्कोचं (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरचं) झाकण उघडलं तर आतला फिरणारा रोटर बरोबर एक नंबरच्या तोंडाशी. म्हणजे बेल्ट ठीक, डेल्को ठीक. मेकॅनिकचं आतलं काम एकदम चोख होतं, ते उघडायला तो स्वतःच निघाला होता!

मग राहिल्या प्लगच्या वायरी. या इंजिनाचा फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम 1-3-2 आहे, बेल्टच्या बाजूचं सिलिंडर एक नंबर. रोटर ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने एक, मग तीन, मग दोन अशा वायरी हव्यात, आमच्या एक, दोन, तीन अशा सरळ मोजून लावलेल्या. एकच सिलिंडर वेळेवर जळत होतं, बाकीचे दोघं भलत्याच वेळी, म्हणून खोकला. दोन वायरींची अदलाबदल केली, अ‍ॅक्सिलरेटर दोनदा दाबला, आणि तिसऱ्या सेल्फला सुरू. थोडा वेळ टॅपेट वाजले, मग शांत.

दोन बारीक चुका, पण एकीने दुसरीला झाकलं. सेल्फ फिरत असता तर वायरींची चूक पहिल्याच दिवशी कळली असती, आणि धक्का मारताना खोकली नसती तर कोणी टायमिंगपर्यंत गेलंच नसतं. नवीन इंजेक्शनवाल्या गाड्यांत डेल्को नाही, तिथे क्रँक सेन्सरचा सॉकेट लावायचा राहतो, नाहीतर किल्ली ऑन केल्यावर टाकीतल्या पंपाची जी दोन सेकंद घरघर येते ती येत नाही, पण अर्थची वायर त्यांनाही आहेच.

आता मागणी. पीथमपूरला 11.3 किलोमीटरचा हायस्पीड टेस्ट ट्रॅक आहे म्हणून आपण इंदूरवाले पाहुण्यांना अभिमानाने सांगतो, आणि इथे गॅरेजमध्ये इंजिन उतरवताना दहा रुपयांचा चिकट टेप घेऊन वायरींवर नंबर टाकत नाहीत. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, सोडायच्या आधी चार फोटो काढले तरी पुरे. गाडीमालकांनीही गाडी देताना स्वतः बॉनेट उघडून फोटो काढून ठेवावेत, मी या वेळी काढले नव्हते. आणि इंजिन काढण्याआधी चालणारा पार्ट बसवल्यावर गेला असं कोणी म्हणालं तर पैसे काढण्यापूर्वी त्याला जंपर केबल लावायला सांगा.

मेकॅनिककडे जाऊन हे सगळं सांगितलं. आधी मानेना, मग केबल बघितली, तिचं प्लास्टिक वितळलेलं होतं. क्लचची नवीन केबल त्याने फुकट टाकून दिली, सेल्फच्या पैशाबद्दल मात्र विषय बदलला.

आपला नेहमीचा वाचक,
राजेंद्र नगर, इंदूर

ता. क. : पत्र वाचून सौ. म्हणते, वासाचं मी आधी सांगितलं होतं हे ठळक छापायला सांगा.