सुध्या, ते नकाशे रद्दीत देऊ नकोस

प्रिय सुध्या,

चार महिने ना पत्र, ना फोन. चूक माझीच. गुडघा बरा आहे, आईची शुगर आटोक्यात. काल वहिनींचा फोन आला. माळा आवरताय म्हणे, आणि टोपोशीटांचा, म्हणजे डोंगर-दऱ्यांची उंची दाखवणाऱ्या आपल्या नकाशांचा, अख्खा गठ्ठा रद्दीत चाललाय, कारण 'आता सगळं मोबाइलमध्ये असतं'. ते ऐकल्यापासून चैन नाही.

पुण्याच्या चांदणी चौकात मी तुझ्याच बाजूचा. जुना पूल २०२२ मध्ये पाडला, आता तिथे इतके रॅम्प झालेत की फोनच हवा. पण डिसेंबरात तू पोरांना राजगड-तोरण्याला नेणार आहेस. राजगडाच्या आळू दरवाजातून तोरण्याच्या बुधला माचीकडे जाणारी धार रस्त्याच्या ॲपला ठाऊक असेलच असं नाही, ते गाडीरस्त्यानं वळसा घालायला लावेल. उतरवून घेतलेली जीपीएक्स फाइल म्हणजे कुणा एकाच्या चालीची जीपीएसनं केलेली नोंद. तो चुकून घळीत उतरून परत आला असेल, तर तेही त्यात आलंच.

शीटवर कंटूरचं, म्हणजे समान उंची जोडणाऱ्या रेषांचं, टोक चढाकडे असेल तर घळ, उताराकडे असेल तर सोंड. धुक्यात एवढं कळलं तरी पोरं कड्यावर जात नाहीत. कंटूर वीस-वीस मीटरचे. सपाटीला पाच किलोमीटरला तास आणि सहाशे मीटर चढाला आणखी तास धर, म्हणजे एका कंटूरला दोन मिनिटं. पोरांसाठी दीडपट.

तोरणा शीट नंबर ४७ एफ/११ वर, राजगड ४७ एफ/१२ च्या अगदी वरच्या काठाला. तेव्हा ११ चा खालचा समास कापून १२ वर चिकटव, धार सलग दिसेल. अस्सल शीट कापू नकोस हं, प्रत काढ! प्रिंट काढताना 'फिट टू पेज' बंद ठेव, नाहीतर नकाशा आक्रसतो. पट्टी लावून बघ, एक किलोमीटर बरोबर दोन सेंटिमीटर भरला पाहिजे. आणि अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, म्हणजे डेटम, दोन्हीकडे वेगळा: आपली जुनी शीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, फोन डब्ल्यूजीएस-८४ वर. फोनमधले अक्षांश-रेखांश तसेच टाकलेस तर ठिपका भलतीकडे पडेल. जागा खिंड आणि सोंड बघूनच ठरव.

फोन नेच, पण नकाशा घरीच उतरवून घे आणि वर एअरप्लेन मोड लाव. जीपीएस चालू राहतं, टॉवर शोधण्यात बॅटरी जात नाही. पुण्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही, हे तुझं बरोबर होतं. पण म्हणून होकायंत्रच नको, हे मला आजही मान्य नाही. तुझ्या फोनच्या कव्हरला चुंबक आहे, त्यातली दिशा कशी खरी मानायची?

नवीन नोकरी कशी आहे? चिऊच्या दहावीचं काय ठरलं? सविस्तर लिही.

रद्दीवाला रविवारी येतो ना? मी शनिवारी सकाळीच नकाशे ठेवायला पत्र्याची नळी घेऊन येतो. तोवर गठ्ठ्याला हात लावू नकोस.

तुझा,
बाळ्या