डाव्या-उजव्या स्फटिकांविषयी लेकीस पत्र

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. अतिनील दिवा बंद केल्यावरही तुझा स्फटिक क्षणभर उजळत राहिला आणि त्या उजेडात वर्तुळाकार ध्रुवण (प्रकाशलहरीचे स्पंदन मळसूत्रासारखे डावीकडे किंवा उजवीकडे फिरत जाणे) सापडले, हे वाचून मला फार आनंद झाला. एक काळजीही वाटली, ती मोकळेपणाने लिहितो.

सेंद्रिय रेणूची स्फुरदीप्ती, म्हणजे दिवा बंद झाल्यावरही रेंगाळणारा उजेड, खोलीच्या तापमानाला टिकणे हेच मुळात अवघड. शोषलेली ऊर्जा त्रिक अवस्था नावाच्या रेणूच्या एका उत्तेजित अवस्थेत अडकते, तिथून इलेक्ट्रॉनला सहजी खाली उतरता येत नाही आणि तो रेंगाळतो तेवढ्या वेळात रेणूची थरथर किंवा हवेतला ऑक्सिजन ती ऊर्जा काढून घेतो. म्हणून असे नमुने द्रव नायट्रोजनमध्ये, ७७ केल्व्हिनला, गोठवून पाहण्याची रीत पडली. स्फटिकात मात्र रेणू शेजाऱ्यांच्या दाटीत घट्ट बसतो. बेंझोफिनोन आणि त्याच्या जातीचे रेणू द्रावणात विझलेले असतात, पण स्फटिक होताच खोलीच्या तापमानाला उजळतात, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

मला त्याहून नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. बेंझोफिनोनचा किंवा त्याच्या भाऊबंद बेंझिलचा रेणू द्रावणात ना डावा असतो ना उजवा (डाव्या-उजव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली रूपे). स्फटिक बनताना सगळे रेणू एकाच अंगाला पीळ घेऊन बसतात आणि स्फटिक डावा किंवा उजवा होतो. तो वितळवला की डावे-उजवेपण नाहीसे होते. पाश्चरने १८४८ मध्ये चिमट्याने वेगळे केलेले स्फटिक टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे होते (आई आमटीत कोळून घालते त्या चिंचेतले आम्ल हेच), पण तिथे रेणूच डावे-उजवे होते, त्यामुळे विरघळवल्यावरही फरक टिकला. तुझा रेणू बेंझिलसारखा असेल, तर एकाच कुपीतले दोन स्फटिक परस्परविरुद्ध निघू शकतात. त्यांची एकत्र पूड करून मोजलेस तर एकाचा अधिक आकडा दुसऱ्याचा उणे आकडा पुसून टाकील.

आता काळजीचे. नोकरीच्या पहिल्या वर्षी औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत पोलरीमीटर, म्हणजे नळीतले द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवते ते मोजणारे उपकरण, माझ्याकडे होता. नळी गळू लागली म्हणून मी तिच्या टोकाची झाकणे जोर लावून आवळली. आकडा मर्यादेबाहेर गेला आणि चांगला माल माझ्या सहीने दोन दिवस अडकून पडला. तिसऱ्या दिवशी वरिष्ठांनी झाकण अर्धा फेरा सैल केले आणि काटा जागेवर आला. द्रावणात दोष नव्हता. आवळलेल्या काचेत ताण आला होता, ताणामुळे काचेत दुहेरी वक्रीभवन (स्पंदनाच्या दिशेप्रमाणे प्रकाशाचा वेग वेगळा असणे) उत्पन्न झाले होते आणि तेच मी द्रावणाचे वळण समजून वहीत लिहिले होते. ती दोन पाने मी अजून विसरलेलो नाही.

तुझ्या स्फटिकात तर हे दुहेरी वक्रीभवन उपजतच आहे. त्याचा प्रकाश थोडासा सरळ ध्रुवित (एकाच सरळ दिशेत स्पंदणारा) असला, तरी स्फटिकातून बाहेर येताना त्याचा काही भाग वर्तुळाकार होऊन दिसतो. डाव्या-उजव्या प्रकाशातल्या फरकाची दुप्पट भागिले त्यांची बेरीज, हा भेदांक उणे २ ते अधिक २ च्या आत असतो आणि साध्या सेंद्रिय रेणूंच्या द्रावणात तो बहुधा ०.००१ ते ०.०१ इतकाच भरतो. तुझा आकडा त्याच्या कैक पट आहे, म्हणूनच मी थबकलो. स्फटिकाच्या रचनेमुळे मोठा आकडा खराही येऊ शकतो, पण तो खरा आहे हे तुलाच दाखवावे लागेल.

तेव्हा स्फटिक उपकरणात स्वतःभोवती फिरवून मोज, मग उलटा ठेवून मोज. चिन्ह बदलले तर तो आकडा कच्च्या वहीतच राहू दे. बेंझिलच्या स्फटिकात एक अक्ष असा असतो की त्याच्या दिशेने पाहिल्यास दुहेरी वक्रीभवन उरत नाही. तुझ्या स्फटिकाला असा अक्ष आहे का, हे क्ष-किरणांनी रचना काढणाऱ्यांना विचारून घे. बेंझोफिनोनच्या बाबतीत हे इतके सोपे नाही. आणि कुपीतला विरुद्ध हाताचा स्फटिक शोध, भले त्यासाठी पन्नास स्फटिक तपासावे लागोत. त्याचा आलेख पहिल्याचे आरशातले रूप निघाला पाहिजे.

तशी जोडी मिळाली की दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून मला पाठव. न मोजताच टाकून दिलेले स्फटिक असतील, तर तेही आधी परत गोळा कर.

तुझा,
बाबा