ग्रामसभेत हात नको, चिठ्ठी हवी

महोदय,

ग्रामसभेत सगळे हात वर गेले म्हणजे सगळ्यांना पटले असे नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी डोळ्यांपुढे स्पष्ट असूनही, गटातील इतरांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले तेव्हा सुमारे एकतृतीयांश उत्तरे बहुमताच्या चुकीमागे गेली. एकच सोबती खरे बोलला की हे प्रमाण झपाट्याने घसरे. आपल्याकडे तर सुनेला सासऱ्यासमोर, मजुराला जमीनमालकासमोर हात वर करावा लागतो. तिथे सोबती कुठून मिळणार? ग्रामसभेआधीची महिला सभा निव्वळ सह्यांपुरती उरकू नये, तिचे ठराव सर्वांत आधी वाचावेत. वादाच्या विषयावर चर्चेपूर्वीच बिननावाच्या चिठ्ठ्या घ्याव्यात. सरपंचांनी स्वतःचे मत शेवटी सांगावे. दारूबंदीसाठी महिलांचे गुप्त मतदान होते, तर पाणी आणि गायरानासाठी का नको?

– सामाजिक मानसशास्त्राचे एक अध्यापक, सातारा