चोर्ला घाटात दरीकडची कड फसवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस स्थिरावला की शनिवार-रविवारी गोव्याहून बेळगावकडे जाणाऱ्या साखळी-केरी-चोर्ला रस्त्यावर गाड्यांची रीघ लागते. रस्ता आहेच तसा. केरीचं अंजुणे धरण मागे टाकून घाट चढायचा आणि पुढे कणकुंबीला मलप्रभेचा उगम बघून परतायचं, एका दिवसात आरामात होतं. इथल्या घाटवाटांनी पूर्वी बैलांच्या पाठीवरून गोव्याचं मीठ वर जायचं.

दरड कोसळेल या भीतीने सगळे डोंगराकडे बघत गाडी हाकतात. फसवी असते ती दरीकडची कड. डोंगराच्या बाजूचं गटार पाला आणि दगडमातीने भरतं, रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या मोरीचं तोंड बुजतं. मग पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं, दरीत उतरताना डांबराखालची माती धुऊन नेतं. वरून डांबर शाबूत, खाली पोकळ! आणि नेमकी तिथेच, धबधबा फोटोत नीट यावा म्हणून, गाडीची दोन चाकं कडेला घेतली जातात. कडेला समांतर जाणारी बारीक भेग दिसली किंवा कठडा बाहेर कललेला असला, तर तिथे पायीसुद्धा उभं राहू नये. थांबायचंच तर वळण संपल्यावर, रुंद जागा बघून.

उतरताना दुसरीच तऱ्हा. सारखा ब्रेकवर पाय ठेवला की लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ पडतं. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं. ऑटोमॅटिक गाडीतही ‘एल’ (लो, म्हणजे खालचा गियर) किंवा मॅन्युअल मोड असतो, पण भाड्याने गाडी घेणाऱ्यांना तो बहुधा कोणी दाखवत नाही. वास आलाच तर सुरक्षित जागी थांबून ब्रेक आपोआप निवू द्यावेत. पाणी ओतलं तर तापलेली डिस्क वाकू शकते. पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडणं हा तर शुद्ध वेडेपणा: ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. धुक्यात हेडलाइट खाली ठेवावा, वर केला तर समोर नुसती पांढरी भिंत दिसते. चारही इंडिकेटर लावून गाडी चालवू नये, मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही.

संबंधित खात्याला विनंती एवढीच. गटारं आणि मोऱ्या मे अखेरीस साफ करून पुरत नाही. पहिल्या जोरदार सरींतच वरचा पाचोळा खाली येऊन तोंडं पुन्हा बुजतात. म्हणून जुलैत आणखी एक फेरी हवी, आणि जिथे कड खचली आहे तिथे दुरुस्ती होईपर्यंत दगड रचण्याऐवजी रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांचे खांब लावावेत. काळोखात आणि धुक्यात दगड दिसत नाहीत.

– एक वाचक, साखळी