पाठमोऱ्या फोटोंबद्दल, रद्दीवाल्या काकांना

काका, नमस्कार.

पाडव्याला दुकान बंद करून तुम्ही मुलाकडे पिंपरीला गेलात, हे मला शेजारच्या चहावाल्याकडून कळलं. मला आधी सांगायला हवं होतंत, असं म्हणणार होतो. पण मीच दोन महिने तिकडे फिरकलो नव्हतो, तेव्हा बोलायला तोंड नाही. हे पत्र असं चारचौघांत लिहितोय, कारण समोर बसून बोललो असतो तर पहिल्याच वाक्याला तुम्ही "ऱ्हाऊ दे की पेंटर, चा घे" म्हणून उडवून लावलं असतं. नात वाचून दाखवेल तेव्हा मधेच उठू नका.

'पेंटर'चं आधी सांगून टाकतो. 1997 साली सांगलीत विश्रामबागच्या बाजूला तुमच्या दुकानात मी पहिल्यांदा आलो आणि राजकीय व्यंगचित्रकार आहे असं जरा छाती काढून सांगितलं. तुम्ही तागडीवरची नजर न हलवता म्हणालात, "म्हंजे पेंटर." मला ते तेव्हा लागलं होतं. आता कुणी 'सर' म्हटलं की मी मागे वळून बघतो.

नेत्यांच्या फोटोंचे जुने अंक मागितले तेव्हा तुम्ही विचारलं होतं, "चितार काढाय फोटू कशाला लागतोय? डोस्क्यातनं येत न्हाई व्हय?" नाही येत, काका. लोकांनाही वाटतं की व्यंगचित्र म्हणजे डोक्यातली कल्पना आणि हातातली सफाई. अडचण वेगळीच असते. पेपरात नेता छापून येतो तो समोरून: हार घालून घेताना, दीप लावताना, फीत कापताना. माझ्या चौकटीत मात्र तो खड्ड्यातून वर येत असतो, शेजाऱ्याच्या कानाला लागलेला असतो, नाहीतर दिल्लीकडे तोंड करून उभा असतो, म्हणजे वाचकाकडे पाठ. आता त्याचा कान मागून कसा दिसतो? मानेवर वळ्या किती? टोपी कपाळावर ओढलेली की मागे सरकलेली? हे काही डोस्क्यातनं येत नाही.

आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन 1951 पासून तेवढ्यावरच तर उभा होता. चौकटीचा कोट, धोतर, टकलाच्या कडेचे चार केस. पाठ करून उभा राहिला तरी शेंबडं पोर ओळखेल. इंदिरा गांधींच्या केसांतला पांढरा पट्टा काढला की निम्मं काम झालेलं असायचं. आत्ताचे आमचे गिऱ्हाईक सगळे काळेभोर केस रंगवून, पांढरा शर्ट आणि वर बिनबाह्यांचं जाकीट घालून बसतात. चेहऱ्यातली खूण फुगवून अर्कचित्र काढणाऱ्याच्या पोटावर पाय आहे हा.

महिनाभराने मी परत आलो तेव्हा तुम्ही काही न बोलता सुतळीने बांधलेले चार गठ्ठे पुढ्यात टाकलेत. वर जाड पेनाने लिहिलेलं: 'मागनं', 'बाजूनं', 'हासताना'. आणि चौथ्यावर 'झोपल्यालं'. व्यासपीठावर पेंगणाऱ्या पुढाऱ्यांचा वेगळा गठ्ठा! छायाचित्रकाराने टिपला होता समोरचा भाषण करणारा. तुम्ही बघितला होता कोपऱ्यातला, अर्धा कापला गेलेला. तो गठ्ठा मी वर्षानुवर्षं वापरला. निवडून दिलेल्या मालाचे जास्त पैसे घ्या म्हटलं तर रद्दीच्या भावाने मोजून घेतलेत आणि वर पावशेर सूट दिलीत.

चामखिळीची गोष्ट तुम्ही हजार जणांना सांगितली असेल, मी आजवर कुणाला सांगितली नव्हती. आपल्या भागातल्या एका पुढाऱ्याचं मोठं अर्कचित्र मी काढलं, रविवारच्या पुरवणीत चार कॉलम छापून आलं. चामखीळ डाव्या गालावर. साहेबांची आहे उजव्या गालावर. दुपारी कार्यकर्त्याचा फोन: "साहेबांची टिंगल केली ती चालतीया, पण चामखीळ तरी जाग्यावर ठेवा." मी ज्यावरून काढलं तो फोटो घेऊन भांडायला तुमच्याकडे आलो, कारण फोटोत ती डावीकडेच होती. तुम्ही चष्मा वर केलात, फोटो उजेडाला धरलात आणि गालाकडे न बघता शर्टाकडे बोट दाखवलंत. "खिसा बघ हेचा. उजव्या अंगाला खिसा कुठला शिंपी शिवतोय?" फोटो उलटा छापला गेला होता, पान लावताना कुणीतरी निगेटिव्ह पालथी ठेवलेली. तेव्हापासून फोटो हातात आला की मी चेहऱ्याआधी खिसा बघतो, मग मनगटावरचं घड्याळ, मग मागच्या फलकावरची अक्षरं. आर्ट स्कूलमध्ये पाच वर्षं काढली, तिथे हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी साडेपाचला संपादकांचा फोन, अर्ध्या तासात तीन रफ, त्यातला एक पसंत पडला तर आठच्या आत पक्कं चित्र. त्या मधल्या वेळात तुमचं दुकान बंद व्हायचं म्हणून तुम्ही शटर अर्धं खाली ओढून थांबायचात. असे किती दिवस, मी मोजले नाहीत. तुम्हीही मोजले नसतील, कारण ते किलोत येत नाहीत.

दिवाळी अंकांचं तर काय सांगावं. 'मनोरंजन'ने 1909 साली पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून संपादकांना कथाचित्रं शेवटच्या आठवड्यातच आठवत असावीत अशी माझी समजूत आहे. (मानधन तर काही जणांना पुढच्या दिवाळीत आठवतं.) एका कथेत नायक हळदीच्या पेवात, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारात, उतरतो. जन्म सांगलीत गेला, पण शेजारच्या हरिपूरची पेवं मी आतून कधी बघितली नव्हती, आणि 2005 च्या पुरानंतर तर बघण्यासारखी फारशी उरलीही नव्हती. तुम्ही माळ्यावरून कुठल्यातरी जुन्या पुरवणीचं पान काढून दिलंत. त्यात कमरेला दोर बांधून माणूस जमिनीतल्या त्या अरुंद तोंडातून खाली चालला होता, नुसतं डोकं आणि दोन हात वर. माझं चित्र मी तेवढंच काढलं, डोकं आणि हात. लेखकाने फोन करून विचारलं, "तुम्ही पेवात उतरलाय का हो?" मी हो म्हटलं. तेवढं खोटं माफ करा.

आणि ऑगस्ट 2019. आयर्विन पुलाजवळ 45 फुटांना धोक्याची पातळी. कृष्णा 57 फुटांच्याही वर गेली. माझं घर गावभागात, तळमजल्याला. आम्ही कागदपत्रं, आईची औषधं आणि मुलीची वह्यापुस्तकं घेऊन बाहेर पडलो. बावीस वर्षांची कात्रणं खोक्यांतच राहिली. पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर खोक्यांच्या जागी खोक्यांच्याच आकाराच्या राखाडी विटा झालेल्या. माझी मूळ चित्रं होती त्या आयव्हरी कार्डाचे पापुद्रे सुटले होते. गंमत बघा, शाई वॉटरप्रूफ. चिखल अंगठ्याने पुसला की खालून रेघ जशीच्या तशी वर यायची. एक नाक. एक टोपी. कुणाचा तरी कान. कागद हातात घेतला की तुटायचा. मी तिथेच ओल्या फरशीवर बसलो होतो आणि बायकोला म्हणालो होतो की आता शाळेत ड्रॉइंग शिकवतो, बास झालं.

दहाव्या-बाराव्या दिवशी तुम्ही छोटा हत्ती घेऊन दारात. मागे सुतळीचे गठ्ठे. मी नेलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोचा दुसरा अंक तुम्ही इतकी वर्षं बाजूला ठेवत आला होतात. का, विचारलं तर म्हणालात, "येक तुला, येक शिल्लक. तुमी चितार काढणारी मानसं, हरवनारच." वजन न करता उतरवलेला तुमच्या आयुष्यातला तो पहिलाच माल असेल. 'झोपल्यालं'चाही जोडीदार त्यात होता. त्या दिवशी तुम्हाला मी चहासुद्धा विचारला नाही. घरात कप नव्हते हे खरं, पण मला बोलताही येत नव्हतं, हे जास्त खरं. ते आज सांगतो: काका, तुमच्यामुळे मी या धंद्यात राहिलो.

आता मोबाइलवर नाव टाकलं की त्या माणसाचा एकच हसरा फोटो चारशे वेळा दिसतो, जाहिरातीतला, गोरा करून घेतलेला. पाठमोरा एकही नाही. गठ्ठे माझ्याकडे आहेत, पण त्यातली निम्मी मंडळी आता राजकारणात नाहीत आणि काही तर जगातच नाहीत. नव्या आमदाराला मी गेले तीन महिने समोरूनच काढतोय, संपादकांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

पिंपरीत तुमच्या घराजवळ मैदान आहे असं नात सांगत होती. तिथे त्याची सभा लागलीच तर स्टेजच्या मागच्या बाजूला उभे राहा आणि मोबाइलवर एक फोटो काढून पाठवा. कान यायला हवा.

तुमचा,
पेंटर