पॅनलवर चिठ्ठी चिकटवून भागत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पेपरात जनरेटर वापरताना काय काळजी घ्यावी यावर मजकूर आला होता, वाचला, चांगला होता, पण दोन सप्लाय (लाइनचा आणि जनरेटरचा) एकत्र येऊ नयेत हा मुद्दा त्यात "आधी मेन स्विच बंद करा, मगच जनरेटर चालू करा" एवढ्या एका ओळीत उरकलाय. मी 26 वर्षं पॅनल वायरिंग करतोय. ही ओळ मार्करने लिहिलेली चिठ्ठी लावलेली कितीतरी पॅनल बघितली आणि त्यातल्याच एकाची वाट लागलेली पण बघितली.

झालं असं की तिथला रोजचा माणूस सुट्टीवर होता, नवीन पोराने मेन पाडून जनरेटर लावला, इथपर्यंत सगळं बरोबर, मग लाइन आल्याचं दिसलं तसा हा धावत गेला आणि आधी मेन चढवला, जनरेटर नंतर बंद करू म्हणून. धाडकन आवाज, ब्रेकरचं तोंड काळं, आणि जनरेटरच्या कपलिंगचे, म्हणजे इंजिन आणि जनरेटर जोडणाऱ्या सांध्याचे, रबर फाटलेले. पोरगा वाचला. चिठ्ठी मात्र जागेवर होती, बरं का, आणि अक्षरही सुवाच्य होतं.

लोक विचारतात, दोन्हीकडे 230 व्होल्टच, मग भांडण कसलं? अहो 230 हा हिशोबाचा आकडा, प्रत्यक्षात व्होल्टेज सेकंदाला 50 वेळा वरखाली होतं आणि टोकाला 325 पर्यंत जातं. लाइन 50 वर आणि जनरेटर साडेपन्नासवर असेल तर दर 2 सेकंदांनी दोघं एकदा जुळतात आणि एकदा बरोब्बर उलटे होतात, उलटे म्हणजे एक वर 325 आणि दुसरा खाली 325, तेव्हा जोडले तर मधे 650 व्होल्ट उभे राहतात आणि ते अडवायला फक्त वायरीच.

दुसरा प्रकार याहून वाईट, लाइन गेलेली आहे, मेन चढलेलाच राहिला आणि जनरेटर लावला. ट्रान्सफॉर्मरला उलटसुलट कळत नाही, 11 हजाराचे तो घरासाठी 230 करतो तसे उलट्या बाजूने आलेल्या 230 चे 11 हजार पण करतो, आणि वर खांबावर लाइनमन असतो. छोटा जनरेटर अख्ख्या लाइनवरचा लोड न झेपून बहुतेक वेळा दमतो किंवा ट्रिप होतो हे खरं, पण पुढची लाइन तुटलेली असेल तर लोडच नसतो, मग तो आरामात चालू राहतो. दोन्ही टोकांना पिन टॉप (प्लग) लावलेली वायर घेऊन सॉकेटमधून घराला सप्लाय देणारे महाभाग तर वेगळेच, एक टोक निघालं की उघड्या पिना हातात.

उपाय काही रॉकेट नाही. मधे ऑफ असलेला चेंजओव्हर, म्हणजे लाइन किंवा जनरेटर निवडायचा स्विच, घ्या, एकच दांडा, तो एका वेळी एकाच बाजूला जाणार. दोन एमसीबी (छोटे ब्रेकर) असतील तर मधे सरकणारा पत्रा मिळतो, एक खटका पाडल्याशिवाय पत्रा सरकत नाही आणि पत्रा सरकल्याशिवाय दुसरा चढत नाही. ऑटोमॅटिक पॅनलमधे दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे कॉइलला करंट दिला की ओढले जाणारे स्विच, असतात, एकाच्या कॉइलचा करंट दुसऱ्याच्या एनसी पॉइंटमधून (दुसरा बंद असतानाच जोडलेला राहणारा पॉइंट) घेतात, पण काहीजण एवढ्यावरच थांबतात, आणि पॉइंट चिकटून बसले तर नुसत्या वायरिंगचा भरवसा धरता येत नाही म्हणून दोघांच्या मधला मेकॅनिकल इंटरलॉक, एक आत गेला की दुसऱ्याला अडवणारा, तो पण बसवायचा, त्यात कंजुषी नको. सोलरचा लाइनला जोडलेला साधा इन्व्हर्टर लाइन गेली की स्वतःहून बंद होतो तो खांबावरच्या लाइनमनसाठीच, आणि लोक त्यालाच शिव्या घालतात की ऊन असून लाइट नाही.

त्या पॅनलला मी नंतर कुलपाचे ब्रेकर लावले, दोन ब्रेकर आणि चावी एकच. ब्रेकर पाडल्याशिवाय चावी निघत नाही आणि चावीशिवाय दुसरा चढत नाही. मालकाची तक्रार आहे की पोरगा चावी घेऊन मेनपासून जनरेटरपर्यंत चालत जातो त्यात एक मिनिट अंधार राहतो, आणि डुप्लिकेट चावी करून द्या म्हणून दोनदा फोन आला. मी फोन ठेवून दिला. पुढच्या वेळी असा मजकूर छापाल तेव्हा त्या ओळीच्या जागी चेंजओव्हरचं एक चित्र छापा एवढीच विनंती.

आपला,
एक वायरमन वाचक